पिंप्राळा ते वरणगाव : किरणांच्या बंदुकीच्या शोधात

मुलांनो, पिंप्राळा तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? जळगावकरांना विचारायलाच नको, त्यांचे हात कधीच वर गेले असतील! पूर्वी हे जळगावशेजारचं एक वेगळं गाव होतं. आता ते जळगाव महापालिकेत आलं आहे. पण त्याचं गावपण काही सुटलेलं नाही. आषाढी एकादशीला इथं विठ्ठलाचा रथ निघतो. ज्यांना पंढरपूरला जाता येत नाही, अशी कितीतरी माणसं त्या दिवशी पिंप्राळ्याची वाट धरतात.

आणि उन्हाळा? तो तर विचारू नका. खान्देशातलं ऊन म्हणजे पेटलेला तवाच. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो. दुपारी बारानंतर रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. अशा वेळी पोरं घरात बसून काय करणार? सिनेमे बघतात, गोष्टी वाचतात आणि शाळा उघडली की मधल्या सुट्टीत त्यावरून वाद घालतात. त्यातला एक वाद दरवर्षी ठरलेला असतो. ‘सर, सिनेमात असते तशी किरणांची बंदूक खरी असते का हो? नुसता खटका दाबला, हिरवी रेघ सुटली आणि समोरचं सगळं गायब!’

प्रश्न जुना आहे बरं का. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १८९८ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत मंगळावरून आलेल्या प्राण्यांच्या हाती असं उष्णतेच्या किरणांचं शस्त्र दिलं होतं. आपल्या पुराणांतल्या अग्न्यस्त्राची गोष्ट तर आजीच्या तोंडून तुम्ही ऐकलेलीच आहे. गोष्टीत सगळं शक्य असतं. पण खरोखर असं होईल का? उत्तर शोधायला आपण आज एका सफरीला निघू या. पिंप्राळ्याहून निघायचं, जळगावहून एस.टी. पकडायची, नशिराबाद, साकेगाव, भुसावळ करत वरणगावपर्यंत जायचं. सारी मिळून चाळीसेक किलोमीटरची वाट. बरोबर पाण्याची बाटली, एक भिंग, एक केळं आणि वही-पेन्सिल घ्या. वहीत प्रत्येक थांब्यावर एक आकडा लिहायचा आहे.

त्याआधी एक माप समजून घ्या. शंभर ग्रॅमचा पेरू जमिनीवरून एक मीटर उंच उचलायला साधारण एक ज्यूल ऊर्जा लागते. आणि दर सेकंदाला एक ज्यूल खर्च झाली, तर त्याला म्हणायचं एक वॅट. संपलं! एवढ्या शिदोरीवर आपली सफर होऊन जाईल.

पहिला थांबा : पिंप्राळ्याचं ऊन

भर दुपारी सूर्य डोक्यावर असताना एक चौरस मीटर जमिनीवर सुमारे एक हजार वॅट ऊन पडतं. म्हणजे एका सतरंजीएवढ्या जागेवर एक इस्त्री चालू ठेवावी तेवढं. आता आपलं भिंग काढा. (हा प्रयोग मोठ्या माणसांसमोरच करायचा, आणि भिंगातून सूर्याकडे कधीही पाहायचं नाही. अगदी गंमत म्हणूनसुद्धा नाही!) दहा सेंटिमीटर रुंदीचं भिंग जेमतेम आठ वॅट ऊन गोळा करतं. आठ वॅट म्हणजे एक छोटा एलईडी बल्ब. पण तेच ऊन दोन मिलिमीटरच्या टिकलीत आलं, की काही सेकंदांत कागदातून धूर निघतो.

म्हणजे जादू आठ वॅटमध्ये नाही, टिकलीत आहे. तीच ऊर्जा पसरली तर ऊब देते, एका जागी गोळा झाली तर जाळते.

‘मग सर, मोठं भिंग घेऊ आणि लांबवर जाळू!’ थांबा. सूर्य आपल्याला ठिपक्यासारखा दिसत नाही, थाळीसारखा दिसतो. त्यामुळे भिंगानं केलेली त्याची टिकलीही ठिपका होत नाही. ती जितकी लांब, तितकी मोठी होते. साधारण अंतराच्या शंभराव्या भागाएवढी. वीस सेंटिमीटरवर दोन मिलिमीटर, वीस मीटरवर जवळजवळ वीस सेंटिमीटर, आणि एक किलोमीटरवर नऊ मीटर! नऊ मीटरच्या टिकलीत कागद पेटवायचा, तर भिंग त्याहून कितीतरी मोठं हवं.

आर्किमिडीजनं आरशांनी शत्रूची जहाजं जाळली, अशी एक गोष्ट सांगतात. २००५ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या विद्यार्थ्यांनी ती ताडून पाहिली. १२७ आरसे घेतले आणि तीसेक मीटरवर ठेवलेल्या लाकडी जहाजाच्या नमुन्यावर एकाच जागी ऊन पाडलं. लाकूड पेटलं! पण जहाज जागचं हलत नव्हतं, आकाश निरभ्र हवं होतं, आणि जळायला काही मिनिटं लागली. शत्रू एवढा वेळ शांत उभा राहील का? तुम्हीच सांगा.

निघण्याआधी एखाद्या जुन्या मातीच्या घरात डोकावू. छताच्या झरोक्यातून उन्हाची तिरपी काठी आत उतरलेली दिसते. ती का दिसते? हवेतल्या धुळीमुळे. धुळीच्या कणांवरून थोडा उजेड आपल्या डोळ्यांकडे वळतो, म्हणून. धूळ नसेल तर प्रकाशाची वाट बाजूनं दिसतच नाही. म्हणजे सिनेमातली अंतराळातली हिरवी-लाल रेघ खोटी. तिथं धूळही नाही आणि ‘पिच्यूऽऽ’ असा आवाज पोहोचवायला हवाही नाही. शिवाय प्रकाश एका सेकंदात तीन लाख किलोमीटर जातो. पिंप्राळ्याहून सुटलेला किरण वरणगावला सेकंदाच्या सात हजाराव्या भागात पोहोचेल. तो येताना पाहून नायक खाली वाकतो म्हणे! किरण दिसेल, तेव्हा तो लागलेला असेल.

दुसरा थांबा : रथ आणि केळं

आता रथाचा हिशेब. रथ किती वजनाचा हे मोजायला काटा कुणी आणणार नाही, म्हणून आपण समजू की एक रथ पाच टन वजनाचा आहे आणि माणसाच्या सावकाश चालीनं, सेकंदाला एक मीटर, पुढे सरकतो आहे. अशा रथाच्या गतीत २,५०० ज्यूल ऊर्जा असते. जळगावकडच्या रथोत्सवांत रथ थांबवायला आणि वळवायला चाकाखाली लाकडी मोगरी लावतात. मोगरी लावणाऱ्यांचं काम मोठ्या जोखमीचं. रथाची ती ऊर्जा लाकूड घासून उष्णता होऊन जाते. वहीत लिहा : रथ, २,५०० ज्यूल.

एस.टी. जळगावच्या बाहेर पडली, की भूक लागणारच. केळं सोला. जळगाव जिल्हा केळ्यांचा! रावेर-यावलकडच्या बागा, केळ्यांनी भरलेले ट्रक, हे सगळं तुम्ही पाहिलेलं असतं. एका मध्यम केळ्यातून शरीराला सुमारे शंभर किलोकॅलरी मिळतात. ज्यूलमध्ये सांगायचं तर चार लाखांहून जास्त. डोळे मोठे करू नका, बरोबरच वाचलंत. वहीत लिहा : केळं, ४ लाख ज्यूल. एवढी ऊर्जा पोटात गेली, पण कुणाच्या पोटात स्फोट झाला का? नाही. का नाही, ते वरणगावला कळेल.

तिसरा थांबा : दीपनगर

भुसावळ मागं पडलं, की दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राच्या उंच चिमण्या दिसू लागतात. इथं कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात, वाफेवर चक्रं फिरवतात आणि वीज होते. इथले दोन संच प्रत्येकी ५०० मेगावॅटचे आहेत. एक मेगावॅट म्हणजे दहा लाख वॅट.

आता सिनेमातलं ‘समोरचं सगळं गायब’ आठवा. आपण एवढं मोठं काही नको, फक्त एक पाण्याचा माठ गायब करू. माठात दहा लिटर पाणी. ते तापवून उकळायचं आणि सगळ्याची वाफ करायची, तर अडीच कोटी ज्यूल लागतात. विजेच्या भाषेत सात युनिट. बस? सातच युनिट? हो, तेवढेच. पण शेगडीवर याला कित्येक तास लागतील. बंदुकीला हे एका सेकंदात करायचं आहे! म्हणजे अडीच कोटी वॅट, २५ मेगावॅट. दीपनगरच्या एका मोठ्या संचाचा विसावा भाग. बंदुकीच्या मुठीतून निघालेली वायर थेट दीपनगरला जोडली, तरच एक माठ जाईल.

इथं आणखी एक गोष्ट बघा. आवारातल्या मनोऱ्यांतून पांढरे ढग निघतात. तो धूर नव्हे, थंड करण्याच्या पाण्याची वाफ. कोळशातल्या उष्णतेपैकी साधारण तिसऱ्या हिश्श्याचीच वीज होते, उरलेली उष्णता अशी बाहेर सोडावी लागते. कुठलंही यंत्र घ्या, दिलेली सगळी ऊर्जा कामाला येत नाही. काही भाग उष्णता होऊन जातोच. मोबाइल जास्त वेळ चालवला की गरम होतो ना? किरणांच्या बंदुकीचंही तेच. बाहेर जेवढी आग जाईल, तेवढीच किंवा त्याहून जास्त आत, हातात राहील. शत्रूच्या आधी नायकाचाच हात पोळेल! सिनेमातल्या बंदुकीला थंड करणारा मनोरा कुठे दिसतो का?

चौथा थांबा : वरणगाव

वरणगावची आयुध निर्माणी, म्हणजे आपल्या भागातली ऑर्डनन्स फॅक्टरी, बंदुकीची काडतुसं करण्यासाठी प्रसिद्ध आहे. आपल्याला आत जायचं नाही, तिथं जाता येतही नाही. फाटकाबाहेर झाडाच्या सावलीत बसून वही उघडू.

सैनिकांच्या रायफलची एक गोळी साधारण चार ग्रॅमची असते. चार ग्रॅम म्हणजे एका छोट्या चमचाभर साखरेएवढं वजन. ती सेकंदाला सुमारे नऊशे मीटर वेगानं सुटते. तिच्यात ऊर्जा किती असेल, अंदाज करा पाहू. केळ्याच्या दहापट? शंभरपट? नाही. फक्त १,६०० ज्यूल!

आता वही बघा. केळं चार लाख, रथ अडीच हजार आणि गोळी सोळाशे. तिघांत गोळीच सर्वांत गरीब. एका केळ्यात अडीचशे गोळ्यांची ऊर्जा आहे. मग गोळी इतकी भयंकर का? कारण ती आपले सोळाशे ज्यूल सेकंदाच्या हजाराव्या भागात मिळवते आणि नखाहून लहान जागेवर टाकते. केळं आपली ऊर्जा दोन-तीन तासांत, साऱ्या शरीराला, हळूहळू वाटत जातं. म्हणून केळं खाऊन मूल शाळेत पळत जातं.

हाच आपल्या सफरीचा मुख्य धडा आहे मुलांनो. ऊर्जा किती, यावरून शस्त्र ठरत नाही. ती किती थोड्या वेळात आणि किती थोड्या जागेत एकवटली, यावरून ठरतं. पिंप्राळ्याच्या भिंगानं जागेचं सांगितलं, वरणगावच्या गोळीनं वेळेचं.

खरी किरणांची बंदूक

मग प्रकाशाला लांबपर्यंत एकवटलेलं ठेवता येतं का? येतं, लेझरनं. १६ मे १९६० रोजी अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी पहिला लेझर चालवून दाखवला. बल्बचा उजेड म्हणजे शाळा सुटल्यावर चहूकडे धावणारी मुलं. लेझर म्हणजे सव्वीस जानेवारीच्या संचलनातली मुलं. एकाच दिशेनं, एकाच पावलात. म्हणून त्याची टिकली लांबवरही लहान राहते. लहान राहते, पण पसरतच नाही असं मात्र नाही. १९६९ साली चांद्रवीरांनी चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकाकडे शास्त्रज्ञ इथून लेझर सोडतात, तेव्हा तिथं पोहोचेपर्यंत त्याचा ठिपका दोनेक किलोमीटर रुंद झालेला असतो.

अशा लेझरचं खरं शस्त्र आपल्या देशातही तयार झालं आहे. ते पाहायला वरणगावहून मनानंच आंध्र प्रदेशात जाऊ. १३ एप्रिल २०२५ रोजी कर्नूल इथल्या चाचणी मैदानावर डीआरडीओ या आपल्या संरक्षण संशोधन संस्थेनं ३० किलोवॅटच्या लेझर शस्त्राची चाचणी घेतली. त्यानं आकाशातली विनावैमानिक विमानं, म्हणजे ड्रोन, निकामी केली. म्हणजे किरणांचं शस्त्र खरं आहे! पण ते मुठीत मावत नाही, वाहनावर न्यावं लागतं. ते दगडाची वाफ करत नाही. ड्रोनच्या एकाच जागेवर किरण धरून ठेवायचा, म्हणजे ती जागा तापून निकामी होते. धुकं, पाऊस, आपल्याकडच्या वैशाखातली धूळ, हे सगळे त्याचे शत्रू. झरोक्यातली ती धूळ आठवते ना? तीच प्रकाशाला इकडेतिकडे वळवते.

आणि ३० किलोवॅट म्हणजे तरी किती? केळीच्या बागेतले पाच अश्वशक्तीचे आठ पंप. किंवा आणखी जवळचं उदाहरण घ्या. पाच मीटर रुंद आणि सहा मीटर लांब असा एक वर्ग. त्याच्या छपरावर भर दुपारी पडणारं ऊन मोजलं तर ते बरोबर ३० किलोवॅट भरतं! म्हणजे त्या शस्त्राएवढी ताकद आपल्या शाळेच्या छपरावर रोज पडते. ती पसरलेली आहे म्हणून आपण पंख्याखाली बसून पाढे म्हणू शकतो.

सर्वांत जवळचा धोका

आता परत पिंप्राळ्याला येऊ, पण रात्री. गणपतीची मिरवणूक चालली आहे. ढोल वाजतो आहे, आणि एका ट्रॅक्टरवरून हिरव्या-निळ्या लेझरच्या रेघा गर्दीवर फिरताहेत. धुरामुळे रेघा छान दिसतात. आता तुम्हाला ते का, हेही ठाऊक आहे. पण जरा विचार करा. भिंग लागतं तेव्हा जाळता येतं, हे आपण पाहिलं. भिंग कुणाजवळ नाही? प्रत्येकाजवळ आहे. आपल्या डोळ्यात!

डोळ्यात शिरलेला लेझरचा किरण डोळ्यातलं भिंग दृष्टिपटलावर अगदी बारीक टिकलीत आणतं. तिथं तो लाखपटीनं तीव्र होऊ शकतो. ड्रोनला किलोवॅट लागतात, डोळ्याला त्याच्या कितीतरी लहान अंश पुरतो. आणि दृष्टिपटलाला वेदना कळत नाहीत. त्यामुळे इजा झाली तरी ‘आई गं’ असं तोंडून निघत नाही. सकाळी उठल्यावर नजरेच्या मधोमध काळा डाग दिसतो, तेव्हा समजतं. २०२३ च्या गणेशोत्सवानंतर नाशिकमध्ये काही तरुणांच्या दृष्टिपटलाला मिरवणुकीतल्या लेझरनं इजा झाल्याचं तिथल्या नेत्रतज्ज्ञांनी सांगितलं. पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, पुणे पोलिसांनी गणेशोत्सवात असे लेझर दिवे लावायला मनाई केली.

पालकांनीही इथं लक्ष द्यावं. जत्रेत मिळणारा लेझरचा लाल-हिरवा खटका हे खेळणं नव्हे. तो कुणाच्याही डोळ्यावर, वाहन चालवणाऱ्यावर, गायीबैलांवर मारायचा नाही.

लेझर वाईट आहे, असं मात्र समजू नका. मधुमेहानं आजोबांच्या दृष्टिपटलावर बिघाड होतो, तेव्हा डॉक्टर लेझरच्याच बारीक टिकलीनं उपचार करून त्यांची नजर वाचवतात. तोच किरण, तेच डोळे. डॉक्टरांना मात्र तो किती वेळ, किती जागी द्यायचा हे ठाऊक असतं.

जगातल्या देशांनाही हे उमगलं होतं. माणसाला कायमचं आंधळं करण्यासाठीच बनवलेली लेझर शस्त्रं वापरायची नाहीत, असा करार १९९५ साली व्हिएन्ना इथं झाला. १९९८ पासून तो लागू आहे आणि भारतानंही तो मान्य केला आहे. विशेष म्हणजे अशी शस्त्रं रणांगणावर सर्रास येण्याआधीच सगळ्यांनी मिळून ‘नको’ म्हटलं. रणांगणावर सैनिकांनी जे एकमेकांशी करायचं नाही असं ठरवलं, ते आपण मिरवणुकीत आपल्याच शेजाऱ्याच्या डोळ्यांशी का करावं?

मग आता तुमचं काम ऐका. पहिलं, आपल्या वर्गाच्या छपराची लांबी-रुंदी मोजा, गुणाकार करा आणि दुपारी त्यावर किती किलोवॅट ऊन पडतं ते वहीत लिहा. दुसरं, पुढच्या मिरवणुकीत लेझरचा दिवा गर्दीकडे वळलेला दिसला, तर आधी पाठ फिरवा, धाकट्या भावंडाच्या डोळ्यांवर हात धरा आणि मंडळाच्या दादाला जाऊन सांगा, ‘दादा, हा दिवा बंद कर ना.’ त्यानं ‘का रे?’ विचारलं, तर घाबरू नका. खिशातून भिंग काढा आणि उद्या दुपारी उन्हात भेटायला बोलवा.